बत्तीस वेळा चावलेली पुरणपोळी

प्रिय इरा आणि वेद,

अन्नाचं पचन तोंडात सुरू होतं, आणि तिथेच फार वेळ चालू ठेवलं तर जुळत आलेलं लग्न मोडू शकतं. यातली पहिली गोष्ट तुमच्या शाळेच्या तक्त्यावर लिहिलेली मी परवा व्हिडिओ कॉलवर पाहिली. दुसरी पुस्तकात सापडणार नाही, म्हणून आजच लिहून पाठवते आहे. (शुभाआत्या सुट्टीत तिच्या पद्धतीने सांगेलच. त्याआधी माझी बाजू वाचून ठेवा.)

शुभाआत्याला स्थळं येत होती त्या वर्षी मला आम्लपित्ताने फार छळलं. विश्रामबागेतल्या डॉक्टरांनी माझं पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "आजी, पोटात दात नसतात." मग त्यांनी समजावलं की पिठूळ अन्न लाळेमुळे तोंडातच फुटायला लागतं, जठर ते तासन्‌तास घुसळतं, आणि पुढे लहान आतडं त्यातलं कामाचं तेवढं वेचून रक्तात सोडतं. आपण घाईने गिळलेले तुकडे म्हणजे पुढच्या सगळ्यांच्या डोक्याला ताप. तेव्हा नीट चावून खा. किती वेळा, ते त्यांनी सांगितलं नाही. आकड्याशिवायच्या सूचनेला मी सूचना मानत नाही, म्हणून तो मीच ठरवला : बत्तीस.

त्याच महिन्यात माझ्या धाकट्या दिरांच्या मळ्यावर त्यांच्या मुलीला, शुभाला, पाहायला वडूजची मंडळी आली. मुलगा रणजित फौजेत, सुट्टीवर आलेला. दोघं फोनवर बोलली होती आणि "काकी, हाच" असं शुभाने मला एकटीला सांगितलं होतं. पण त्यांच्या घरात शेवटचा शब्द वडिलांचा. ते निवृत्त सुभेदार, पाठ अशी ताठ की भिंतीलासुद्धा अवघडल्यासारखं व्हावं.

सगळ्यांत वडील म्हणून मला पंगतीत त्यांच्या समोरच बसवलं. आपल्याकडे पंगतीतलं वडील माणूस उठेपर्यंत कुणी उठत नाही, आणि पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढल्याशिवाय राहवत नाही. दोन्ही रीती मला लहानपणापासून ठाऊक. त्यांना बत्तीसने गुणून मात्र मी कधी पाहिलं नव्हतं.

पाहुण्यांची जेवणं झाली तेव्हा माझी पहिली पोळीही संपली नव्हती. ताटं रिकामी दिसताच माझी जाऊ सुमन पोळ्या घेऊन आली. सुभेदारांनी हात आडवा धरला, तर पोळी हाताच्या अलीकडे पडली. ती त्यांनी संपवली, माझ्याकडे पाहिलं, मी चावतच होते. सुमन पुन्हा आली. पोट भरल्याची बातमी मेंदूपर्यंत जायला थोडा वेळ लागतो म्हणतात. सुभेदारांच्या मेंदूला ती कधीच मिळाली होती; आता नुसती स्मरणपत्रं येत होती.

वेळ काढायला असेल, पण त्यांनी नेमकं तेव्हाच विचारलं, "आक्का, तुमी घरात वडीलधाऱ्या. खरं सांगा, पोरीचा सभाव कसा हाय?"

मी गुळवणीत बुडवलेला पोळीचा घास नुकताच तोंडात घातला होता. तोंडात घास असताना बोलायचं नाही, हे मला इंग्रजी शाळेतल्या मिसनी छडीने शिकवलेलं. म्हणून 'थांबा' अशा अर्थाने मी एक बोट वर केलं. आकडा चुकू नये म्हणून नजर छताला लावली. कटाची आमटी तिखट होती, त्यामुळे डोळ्यांत पाणीही आलं. आता सुभेदारांना काय दिसलं असेल बघा : मुलीचा स्वभाव विचारल्यावर म्हातारीने आकाशाकडे बोट केलं, डोळे भरून आणले आणि गप्प बसली!

पुरण दहाव्या चावण्यालाच विरघळलं होतं. पुढचं मी केवळ तत्त्वासाठी चावत होते.

"काय झालंय का आक्का?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

मी मान हलवली. रणजितचा हात ताटातच थांबला. दीर कळवळून म्हणाले, "वैनी, बोला की कायतरी."

बत्तीस झाले. मी घास गिळला आणि म्हणाले, "चांगला आहे."

"एवढा इचार करून चांगला म्हंता," सुभेदार म्हणाले, "म्हंजी कायतरी हाय."

दाराशी तुपाची वाटी घेऊन शुभा उभी होती. तिचा चेहरा उतरला, मग लाल झाला, आणि ती सरळ पुढे आली. "आवं आबा, काय न्हाई. काकी घास मोजून चावत्यात. डॉक्टरनं चावून खा म्हटलंय, तर बत्तीसच्या आत गिळत न्हाईत. माझा सभाव मलाच इचारा. मी रागीट हाय, पण लगीच निवळते. आन् त्या लवकर उठल्या न्हाईत तर आई तुमाला अजून एक पोळी वाढणार."

सुभेदारांनी दोन्ही हातांनी पोट धरलं. "पोरी, हसवू नगं," ते कसेबसे म्हणाले. "आत जागा न्हाई."

श्वास जागेवर आल्यावर त्यांनी मुलाकडे पाहिलं. मुलगा शुभाकडे पाहत होता. "पसंत हाय," सुभेदार म्हणाले. "पर आक्का, आदी तुमी उठा."

माझ्या ताटात अजून दोन घास होते. ताटात काही टाकायचं नाही, हाही माझा नियम. सगळे थांबले.

शुभाचा संसार छान चालला आहे. माझं आम्लपित्तही आहे तसंच आहे. आणि दोन्ही घरांतल्या कुठल्याही कार्याला मला अजून सगळ्यांच्या तासभर आधी, एकटीला जेवायला बसवतात.

तुमची आजी