लांबूनच धरलं होतं

ही गोष्ट माझ्या बायकोलाही माहीत नाही. बाकी सगळं तिला ठाऊक आहे — चोरून ओढलेल्या विड्या, तिच्या भावाशी धरलेला अबोला, सगळं. ही एक तेवढी राहिली. राहिली कसली, मीच ठेवली. आता तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखीच्या माणसासमोर तोंड उघडायची माझी छाती नाही. तेव्हाही नव्हती.

मी गाड्या धुवायचो. कामठी रोडवर, जरीपटक्याच्या अलीकडे, एका पेट्रोल पंपामागे सर्व्हिसिंगचा रॅम्प होता. गाडी वर चढवायची, मोटर चालू करायची आणि जाड पाइपाच्या टोकाला लावलेल्या गनने पाणी मारायचं. पाणीच तर मारायचं, त्यात काय? पण त्या पाण्याला असा जोर होता की चाकाआड बसलेला वर्षाचा चिखल उडून समोरच्या भिंतीवर जाई. आमच्या जुन्या मिस्त्रींनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं — खाली चाकांना जवळून मार, वर रंगाला हातभर लांबून. आणि रंगाच्या कडेवर सरळ धार कधी धरायची नाही. एवढंच ते शास्त्र. मला ते पाठ होतं — हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे अडाणी समजून मला कोणी सोडून देऊ नये.

रॅम्पशेजारी टिनाच्या शेडमध्ये मनोहर गाड्या रंगवायचा. उमरेडच्या विणकराच्या घरातला. माग भावांकडे सोडून शहरात आला होता. पाणीपेपर घेऊन पत्रा घासायला बसला की मधूनच डोळे मिटायचा आणि बोटांनी पत्रा बघायचा. सुरुवातीला त्याला मडगार्ड, एखादा दरवाजा, अशीच फुटकळ कामं मिळत. कोराडीचं वीजघर तेव्हा नवीन होतं. तिथल्या कॉलनीतल्या एका साहेबांनी त्याला अख्खी गाडी दिली — काळी अ‍ॅम्बेसेडर. ती जमली तर कॉलनीतल्या बाकीच्या गाड्याही त्याच्याकडे येणार होत्या. मनोहर शहरात टिकणार की परत जाणार, हे त्या एका गाडीवर होतं. मला हे माहीत नव्हतं असं म्हणू? रोज दुपारी माझ्याजवळ बसून डबा खायचा आणि दुसरं काही बोलायचाच नाही.

गाडी उत्तम झाली. तोंड दिसायचं तिच्यात. दोनेक महिन्यांनी साहेबांनी ती धुवायला आणली, नेमकी तान्ह्या पोळ्याच्या दिवशी. गाडीवर कोराडीच्या वीजघराची राख बसलेली, तिच्यावर भुरभुर पाऊस पडून वर ऊन लागलेलं. अशी राख सिमेंटसारखी धरते. तिला आधी भिजवायचं, थांबायचं, मग लांबून पाणी मारत टपापासून खाली यायचं. अर्धा तास लागतो. तो अर्धा तास मला नको होता. का? इतवारीत मारबत निघणार होती — रोगराई, पीडा गावाबाहेर नेणाऱ्या पुतळ्याची मिरवणूक — आणि मला ती बघायची होती. बस, एवढंच कारण. मी गन बॉनेटच्या कोपऱ्यावर, दिव्याच्या वरच्या कडेला, चार बोटांवर नेली.

आधी नखाएवढा रंग उचलला. तिथे थांबता आलं असतं — नाही थांबलो. कांद्याचा पापुद्रा निघावा तशी वीतभर पट्टी सुटून आली.

मोटरच्या आवाजात कोणाचं लक्ष नव्हतं. मी पाणी बंद केलं, दोन पावलं मागे सरलो — अंतर बरोबर दिसावं म्हणून — आणि मग रॅम्पच्या मालकाला, शेठला हाक मारली. घाबरलेला माणूस पळतो हो. मी मोजून उभा राहिलो.

शेठ आले, साहेब आले. मनोहर थिनरचे हात पुसत आला. त्याने पट्टी पाहिली आणि मला एवढंच विचारलं, "लांबूनच धरलं होतं ना गा?"

"हाव. लांबूनच धरलं होतं."

साहेब ओरडले नाहीत. काम कच्चं निघालं, आता बाकीच्यांना काय सांगू, इतकंच म्हणाले आणि गाडी तिथेच ठेवून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोर फाशी बघायलाही थांबला नाही. मी सायकल काढली, इतवारीत गेलो, मारबत पाहिली. ईडा पीडा घेऊन जा गे मारबत, असं चारचौघांबरोबर ओरडलोसुद्धा.

इथवरच असतं तर म्हटलं असतं, नोकरीची भीती होती. पण जे सांगायचं आहे ते पुढेच आहे. मी इतका वेळ त्याच्याभोवती फिरतो आहे.

संध्याकाळी परतलो तर मनोहर गाडीपाशीच बसलेला. बॉनेटची दुसरी बाजू भिजवून तो अंगठ्याने घासत होता, नखाने ओरखडत होता. दुपारभर तेच चाललं असावं, अंगठा सोलला होता. रंग निघत नव्हता.

"या बाजूचा काहून निघत नाही गा?" तो म्हणाला. "तू रोज गाड्या पाहतो. मले खरं सांग."

उत्तर त्याच्या बोटाखालीच होतं. मी नुसता गप्प राहिलो असतो तरी त्याला ते दिसलं असतं. म्हणूनच मी गप्प राहिलो नाही.

"नशिबानं लागला असन तिकडं," मी म्हणालो. "हे तुया हातचं काम नाही, मनोहर. तुले जमत नाही."

त्याच्या चांगल्या कामाला मी नशीब म्हणालो. आवाजही चढवला नाही, हळहळत म्हणालो, मित्र म्हणतो तसं. कोणी म्हणायला लावलं होतं का मला? त्याने मान हलवली.

आठवड्याभरात शेड रिकामी झाली. मनोहर खापरखेड्याच्या वीजघरात राख उपसायच्या कामाला लागला. मी पुढे त्याच रॅम्पवर मिस्त्री झालो. याच्या हातून गाडीला ओरखडा जात नाही, असं लोक माझ्याबद्दल सांगू लागले. खरंच होतं ते. एकदाच गेला होता.

नऊ-दहा वर्षांनी त्याच्या मुलीच्या लग्नाचं बोलावणं आलं, उमरेडला. गेलो. न जाण्याचंही धाडस लागतं. दारं-चौकटींना नवा निळा रंग होता. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, रंग छान दिला. मनोहर हसला. म्हणाला, माणूस लावला होता, त्या दिवसानंतर आपण ब्रशसुद्धा धरला नाही. मग माझा हात धरून मला व्याह्यांकडे घेऊन गेला.

"बाकी सगळे तोंडावर गोड बोलत होते," त्याने त्यांना सांगितलं. "मले खरं सांगणारा हा एकटाच."

व्याह्यांनी मला हात जोडले. मीही जोडले. मग पंगत बसली. मनोहरने स्वतः येऊन मला वाढलं, आणि मी पोटभर जेवलो.