शेप्याच्या काड्या

श्रावणातल्या एका दुपारी जेवून हात धुतले, कॉम्प्युटर उघडला आणि पाहतो तर माझ्या नावापुढचा हिरवा ठिपका लाल झालेला. माझ्यासाठी टाकलेला शब्द कुणीतरी मागे घेतला होता. कुणी, ते खाली लिहिलेलं होतं. त्या माणसाला जाऊन अकरा महिने झाले होते. मी स्वतः त्यांना खांदा दिला होता.

आधी आमचं जाळं काय आहे ते सांगतो. आम्ही काही बागवाले जुन्या रायवळ आंब्यांच्या काड्या एकमेकांना पाठवतो. काडी म्हणजे कलम बांधायला लागणारी वीतभर कोवळी फांदी. ओल्या फडक्यात गुंडाळून एसटीच्या पार्सलनं जाते, पैशांचा संबंध नाही. या जाळ्याला मालक नाही की कचेरी नाही. प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर सगळ्यांची नोंद असते, आणि एकाचं यंत्र चालू झालं की ते दुसऱ्याच्या यंत्राला कळवतं, गावात बातमी फिरते तसं. एकदा फिरली की कुणाला पुसता येत नाही. तक्रार करायची तर करणार कुणाकडे?

काडी खरी की खोटी हे बघून कळत नाही. फळ धरायला तीन-चार वर्षं जातात. तोवर पाठवणाऱ्याच्या इमानावर भिस्त. म्हणून आमच्यात एकानं दुसऱ्यासाठी शब्द टाकायची रीत आहे. ज्याच्यासाठी वजनदार माणूस शब्द टाकतो, त्याची काडी लोक डोळे मिटून घेतात. आणि आमच्यात सगळ्यात वजनदार होते ते दादा, मालगुंडच्या पुढे राहणारे. ते गेल्यावर खरं तर त्यांच्यावरचे आपापले शब्द आम्ही काढून घ्यायला हवे होते. पण गेलेल्या माणसावरचा विश्वास काढून घेतला असं आपल्या हातानं लिहायचं कुणी? कुणीच काढला नाही. त्यामुळे दादांचं वजन ते गेल्यावरही तसंच राहिलं, आणि यंत्र चालू झालं की लागणारा त्यांच्या नावाचा दिवा आमच्या पडद्यावर अधूनमधून दिसायचा. वहिनी धूळ पुसायला यंत्र चालू करत असतील, असं आम्ही धरून चाललो.

दोन दिवसांत माझ्याकडे काड्या मागणारे गप्प झाले. राजापूरचा एक जण, जो मला रोज सकाळी न चुकता फुलांचं चित्र पाठवायचा, त्याचं चित्र यायचं थांबलं. मी तसा तापट. कुणीतरी चावटपणा केला असणार म्हणून चिडून मोटरसायकल काढली आणि गणपतीपुळ्याच्या गर्दीतून वाट काढत दादांच्या घरी पोचलो.

वहिनी पडवीत वाती वळत बसल्या होत्या. मी काही बोलायच्या आत म्हणाल्या, "भावजी, तुम्ही येणार हे ठाऊक होतं. बसा. सरबत करते."

"वहिनी, दादांचं यंत्र कोण चालवतं?"

"मीच. त्यांनीच शिकवलंनी. आता वर्षश्राद्ध आलं. माणूस गेल्यावर त्याचा शब्द कुणाच्या गळ्यात अडकून राहू नये. म्हणून एकेकाचं नाव घेऊन त्यांनाच विचारत्ये, ठेवू की काढू."

कुणाला विचारता, असं मी विचारलं नाही. आतल्या भिंतीवर दादांचा फोटो होता. काचेवर, दोन्ही खांद्यांच्या जागी, पाण्याचे दोन सुकलेले डाग. आपल्याकडे देवाला कौल लावतात तसाच वहिनी फोटोला लावत होत्या. तगरीच्या दोन पाकळ्या ओल्या करून चिकटवायच्या, प्रश्न विचारायचा आणि वाट बघायची. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही.

"सगळ्यांची उजवी पडली," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच तेवढी डावी. मला वाईट वाटलं हो. दुसऱ्या दिवशी परत लावला. परत डावी. काय झालं होतं तुमचं?"

काय झालं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं.

आमच्या विहिरीवर शेप्या आंबा होता. कापला की शेपूचा वास यायचा. असा दुसरा पंचक्रोशीत नव्हता, आणि मी त्याची फुशारकी मारत हिंडायचो. दादांना काड्या कबूल केल्या आणि त्याच पावसात वादळात झाड मुळासकट पडलं. आधी पाठवल्या असत्या तर, म्हणून मी कपाळाला हात लावला. पण झाड गेलं हे सांगायची लाज वाटली. शेप्यामुळेच तर जाळ्यात माझी पत होती. बागेच्या दगडी गडग्याला लागून दुसरा एक रायवळ होता, त्याच्या काड्या तोडून शेप्या म्हणून पाठवल्या. दादांना, आणि त्यांच्या शब्दावर आणखी चौघांना. फळ धरेपर्यंत कुणाला कळणार, असं मनाशी म्हटलं.

"कोण जाणे वहिनी," मी म्हणालो. "मला तर काही आठवत नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. तांब्यात बोटं बुडवून दोन पाकळ्या ओल्या केल्या आणि काचेला लावल्या. वीज नव्हती, पंखा बंद होता, दारं ओढून घेतलेली. मी डाव्या पाकळीवरून नजर हलवू शकत नव्हतो. ती किंचित सरकली, थांबली, आणि पडली.

"त्यांनी खाल्ला तुमचा आंबा," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "मोठ्या झाडावर बांधलं होतं, म्हणून तिसऱ्याच वर्षी धरला. गेल्या साली, जायच्या आधीच्या मे महिन्यात. म्हणाले, गोड आहे, पण हा शेप्या नव्हे. मी म्हटलं, मग काढा की शब्द. तर म्हणाले, राहू दे, तो स्वतः सांगेल."

गेल्या साली, जूनमध्ये, दादांचा शेवटचा फोन आला होता. "यंदा शेप्या किती धरला रे?" असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "फांद्या वाकल्यायत दादा." ते म्हणाले, "बरं." मेलेल्या झाडाची खुशाली ते मला दर फोनला विचारत होते, आणि निदान तेव्हा तरी त्यांना सगळं माहीत होतं. हे मला आता कळत होतं.

"वहिनी, ते झाड..." मी सुरुवात केली.

"मला नका सांगू. मला ठाऊक आहे. त्यांना सांगा."

मी फोटोसमोर उभा राहिलो. साठी उलटलेला माणूस, हातात सरबताचा पेला. सांगितलं सगळं, वादळ, गडग्याचा आंबा, फोनवरच्या थापा. वहिनींनी पुन्हा पाकळ्या लावल्या. आम्ही दोघं बघत राहिलो. या वेळी कुठलीच पडली नाही. उन्हं कलली तरी दोन्ही तशाच.

घरी येऊन मी जाळ्यावर सगळ्यांसाठी लिहिलं, शेप्या गेला, मी दिलेल्या काड्या त्याच्या नव्हत्या. चौघांपैकी एकानं मला शिव्या दिल्या, त्या मी ऐकून घेतल्या. बाकीचे अजून गप्प आहेत.

वहिनी पाकळ्यांना हात लावत नाहीत. कौल पुरा झाल्याशिवाय काढायचा नसतो म्हणतात. त्यांनी मुद्दाम पाकळ्या कमी-जास्त ओल्या केल्या असतील, असं मला कधी कधी वाटतं. मग पडवीतला त्यांचा चेहरा आठवतो आणि तसं वाटेनासं होतं. आता दिवाळी होऊन गेली. पाकळ्या वाळून तपकिरी झाल्यात म्हणे, काचेला धरून आहेत. दर रविवारी मी फोन करतो, आणि तब्येत विचारायच्या आधी माझ्या तोंडून तेच निघतं.

"पडली का वहिनी?"

"नाही हो भावजी. बघतायत अजून."