कॅचरची पाटी

आमच्या क्लबच्या भिंतीवर या वर्षापर्यंत अकरा पाट्या होत्या आणि त्यांवरचे दोन जण हयात होते. हा हिशेब मी मुद्दाम ठेवला नव्हता. चिटणीस मी, पाट्या रंगवून घेण्याचं काम माझ्याकडे, म्हणून तो आपोआप राहिला.

अमरावतीत आम्ही बेसबॉल खेळायचो, असं सांगितलं की लोक अजून हसतात. पण खेळायचो, आणि बरं खेळायचो. पाट्यांची कल्पना अध्यक्षांना मोबाइलवरून सुचली. अमेरिकेतल्या कुठल्याशा व्यावसायिक संघाच्या मैदानावर मानाच्या जुन्या खेळाडूंचे नंबर गोल पाट्यांवर लावलेले त्यांनी पाहिले. तो नंबर मग दुसऱ्या कोणाला देत नाहीत. "आपनही लावू," ते म्हणाले. स्कोअरबुक खेळायच्या दिवसांपासून माझ्याकडेच, म्हणून मी नियम लिहून दिला: किमान दहा हंगाम, आणि फलंदाजीची ठरावीक सरासरी.

पहिल्याच वर्षी आमच्या पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, कॅन्सर निघाला. त्याचे हंगाम आठच भरत होते. बैठकीत कोणीतरी म्हणालं, "अबे, त्याच्या डोळ्यादेखत होऊ दे ना. गेल्यावर पाटी कोन पाहाते?" यावर आकडे काढून बोलणं मला जमलं नाही. शाल-नारळ घेऊन आम्ही त्याच्या घरी गेलो. भिंतीवरच्या पाटीचा फोटो त्याने पलंगावर पडूनच पाहिला. थोड्याच दिवसांत तो गेला.

मग तीच रीत पडली. कोणाचं डायलिसिस सुरू झालं, कोणाच्या हृदयाचं काही निघालं, की त्याचं नाव पुढे यायचं. धडधाकट माणसाचं नाव आलं की "त्याले काय घाई हाय" म्हणून पुढच्या वर्षावर जायचं. नियम कागदावर राहिला.

या वर्षी मी हट्ट धरला की एक तरी पाटी नियमाने लागू द्या. आमचा कॅचर, फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा, बारा हंगाम खेळला होता, सरासरीही बसत होती. नोकरी लागल्यापासून तो अकोल्याला, जठारपेठेत राहतो. आजारी असल्याचं काही ऐकलं नव्हतं. नाव मंजूर झालं. बरोबर यायला प्रत्येकाला काही ना काही अडचण होती. शेवटी शाल-नारळाची पिशवी घेऊन मी एकटाच एसटीत बसलो. हादऱ्यांनी कंबर धरली होती.

दार वहिनींनी उघडलं. पिशवीतून शालीची किनार दिसत होती. त्यांनी आधी पिशवीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. 'या' म्हणायचं त्या विसरल्या.

"भाऊजी, हे काहून आनलं?"

"पाटी मंजूर झाली, वहिनी."

त्यांनी दाराची चौकट धरली. "डॉक्टरनं तुमाले फोन केला का?"

तेव्हा मला कळलं. त्याच्या मानेतल्या गाठीचा तुकडा तपासायला दिला होता. रिपोर्ट यायचा होता. कोणालाच सांगितलं नव्हतं.

तो आतून आला, मानेला पट्टी. "आला का यमाचा चिटणीस!"

"मले खरंच काही माहीत नव्हतं बे."

"भिंतीवरचे किती जित्ते हायेत?"

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. "दोन," मी म्हणालो.

"अकरातून?"

"अकरातून."

"मंग तुही सरासरी लय भारी हाय," म्हणून तो हसला.

"हासून काय राहिले तुमी!" वहिनी म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

मी त्याला बारा हंगामांचं सांगितलं, नियमाचं सांगितलं. चेंडू झेलून वाकडी झालेली बोटं नारळावर फिरवत तो ऐकत होता.

"खरं हाय, का मन राखून राहिला?"

"तुह्यासाठी आकडा कदी वाढवला का मी?"

"नाही बाप्पा. फायनलमधला माहा एरर तू अजून बुकातून खोडला नाही." त्याने नारळ खाली ठेवला. "आइक. रिपोर्ट चांगला आला त पाटी लाव. खराब आला त लावू नको. मले त्या रांगेत नाही बसाचं."

"कमिटी आयकनार नाही."

"रंगाऱ्याकडे कोन जाते? तूच ना? मंग जाऊ नको."

चहा झाल्यावर वहिनींनी नारळ स्वतःच पिशवीत घातला आणि पिशवी दाराबाहेर नेऊन ठेवली. एकदा आणलेला नारळ कोणी परत नेत नाही. मी नेला. मूर्तिजापूर येईपर्यंत पिशवी मांडीवर होती. इतक्या घरांत ती नेली. दार उघडणाऱ्याची नजर आधी कुठे जाते, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मी फोन केला नाही. माझा फोन आलेलाही त्या घरात चालला नसता. रंगाऱ्याच्या दुकानावरून जायचं टाळत होतो.

एका सकाळी वहिनींचाच फोन आला. "भाऊजी, गाठ साधी निघाली. लावा पाटी." मागून त्याचा आवाज आला, "नंबर नीट काढाले सांग त्याले!"

आता भिंतीवर बारा पाट्या आहेत. हयात तीन.