तांबड्या पट्ट्याची खजुरी

बहारीन म्हणजे ऊन, एवढंच धरून चाललेलो मी १९९४च्या फेब्रुवारीत नुसते बुशशर्ट घेऊन उतरलो आणि विमानतळाबाहेरच वाऱ्याने कुडकुडलो. उम्म अल हस्समच्या फ्लॅटवर पोचताच धाकट्या बहिणीने, मीनाने, नवऱ्याचा स्वेटर माझ्या अंगात चढवला.

"दादा, जंगलखात्यात जन्म काढलास आणि हवा कळत नाही?"

चार दिवस खुबूझ (भट्टीतली रोटी) आणि तळलेल्या हामूर माशावर मी यथेच्छ ताव मारला. पाचव्या दिवशी शेजारचे दाऊदभाई मला खजुरीची बाग दाखवायला घेऊन गेले. हे मूळचे रत्नागिरीचे, बागेच्या साफसफाईवर मुकादम.

सावली आणि पाटाचं पाणी पाहून जीव निवला. सुकलेल्या, पोकळ झाडांवर तांबडा पट्टा मारलेला होता. तीच आधी तोडायची. चांद्याकडच्या जंगलात वनपाल असताना मीही तोडायच्या झाडांवर असाच हातोड्याचा छाप मारत असे, त्यामुळे मी जाणकारासारखी मान डोलावली.

एवढ्यात पट्टा मारलेल्या एका बिनशेंड्याच्या खजुरीतून पोपट भुर्रकन उडाला. आत पिल्लांची चिवचिव. गड्याने बुंध्याला करवत लावली होती.

"थांबा!" मी ओरडलो.

"काय झाला काका? सुकलेला झाड हाय. आज खलास करायचाय," दाऊदभाई म्हणाले.

मग मी घरीही कधी न सांगितलेलं बोलून गेलो. चांद्याच्या जंगलात नाल्याकाठी एक ढोलीचं अर्जुनाचं झाड होतं. लाकूड निकामी, म्हणून पहिला छाप मी त्याच्यावरच मारला. झाड पडलं तेव्हा ढोलीत अस्वलाची दोन पिल्लं चिरडलेली निघाली. आई तीन दिवस त्या खोडाभोवती फिरत होती. ढोलीची सगळी झाडं मीच निकामी ठरवून काढली होती. पुढे त्या नाल्यात अस्वल दिसलं नाही.

दाऊदभाई हसले नाहीत. "चला, अरबाबला (मालकाला) सांगू. पन तो ऐकंल का, म्हाईत नाय."

म्हातारा मालक बाकावर कावा (अरबी कॉफी) पीत बसला होता. दाऊदभाई अरबीत बोलत होते आणि दोन्ही हातांनी अस्वल करून दाखवत होते. म्हातारा "मफी मुश्किल" (काही हरकत नाही) म्हणाला, उठला आणि पाटातला चिखल घेऊन त्याने स्वतःच्या हाताने त्या खजुरीवरचा तांबडा पट्टा झाकून टाकला. मग मला कावा ओतला. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

नोकरीभर मी खुणा मारल्या. मारलेली खूण पुसताही येते, हे एका अनोळखी म्हाताऱ्याने आणि एका कोकणी मुकादमाने दाखवलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

एप्रिलमध्ये मीनाचं पत्र आलं. दाऊदभाईंचा निरोप होता, 'पोपटाची पिल्लं उडाली.' पत्र वाचून बायको म्हणाली, "एवढं काय त्या पोपटांचं?"

मी तिला समोर बसवलं आणि अस्वलिणीबद्दल सांगायला सुरुवात केली.