क्रेटचे दोन किलो

शनिवार, १० मार्च २०१८, दुपारी चार. डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका लॉजचा पहिला मजला. मानधन चाळीस हजार रुपये. हजर: आयोजक, डॉक्टर, नाशिकचा प्रतिस्पर्धी, माझा मेहुणा, त्याचा कोच आणि मी. बॉक्सिंगशी माझा काही संबंध नाही. माझी डहाणूला चिकूची वाडी आहे, आणि मेहुण्याच्या वजनाची वही माझ्याकडे होती.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, राहायला तलासरीला. २०१४ साली तो अच्छाडला ट्रकमधला माल उतरवायचा आणि तिथल्याच ढाब्यावर जेवायचा. कोचने त्याला तिथेच हेरलं. दोन वर्षांनी तो व्यावसायिक बॉक्सर झाला. गट क्रूझरवेट, म्हणजे वजन ९०.७ किलोच्या आत. आपल्याकडे या वजनाची माणसं पुष्कळ आहेत, पण ती बँकेत बसतात. लढायला कुणी मिळत नाही. त्यामुळे तोवर त्याच्या दोनच लढती झाल्या होत्या. एक जिंकला, एक हरला. ही तिसरी, पहिलीच सहा फेऱ्यांची, आणि दुसऱ्या दिवशी तलासरीच्या मैदानावर, सगळ्या गावासमोर. करारात लिहिलं होतं: वजन जास्त भरलं तर मानधनाचा चौथा हिस्सा प्रतिस्पर्ध्याला. एक किलोहून जास्त भरलं तर लढतच रद्द.

त्याआधी तीन आठवडे तो आमच्याकडे मुक्कामाला होता. रोज सकाळी चिकूच्या काट्यावर उभा राहायचा, मी आकडा लिहायचो.

"भावोजी, अर्धी भाकरी तरी?"

"काल शंभर ग्रॅम वर होतास."

"मी माणूस आहे, चिकू नाही."

"चिकू कुरकुर करत नाहीत."

शनिवारी दुपारी काट्याने ८९.९ दाखवले. म्हणजे आठशे ग्रॅमची सवड. मी सातशे ग्रॅमचं जेवण मंजूर केलं: तांदळाच्या दोन भाकऱ्या, बोंबलाचं कालवण आणि पाणी, सगळं मोजून. जेवून तो पुन्हा काट्यावर चढला. ९०.६. शंभर ग्रॅम मी मुद्दाम राखून ठेवले होते. मोठ्या समाधानाने वही मिटली आणि आम्ही गाडीत बसलो.

लॉजवरच्या काट्याने ९२.६ दाखवले. डॉक्टरांनी पुन्हा चढवलं. पुन्हा ९२.६.

"वाटेत काय हाणलंस?" कोचने विचारलं.

"आईशप्पथ, काही नाही."

"मग हे काय, हवा भरून आलास?"

आयोजक म्हणाला, "माझी पोस्टर लागलीत तलासरीभर. यांना शिस्त म्हणून नाहीच."

प्रतिस्पर्ध्याचं वजन आधीच बरोबर भरलं होतं. तो कोपऱ्यात बसून तिसरं केळं सोलत होता.

मेहुण्याने मला बाजूला ओढलं. डोळ्यांत पाणी. "भावोजी, काल रात्री तुमच्या फ्रिजमधले चार पेढे खाल्ले मी. ताईला सांगू नका."

पेढे कालचे. ते तर आजच्या आकड्यात आलेच होते. मी वजाबाकी केली. ९२.६ उणे ९०.६. दोन. नेमके दोन.

माझा चिकूचा क्रेट रिकामा दोन किलो भरतो. ते वजा करण्यावरून व्यापाऱ्याशी रोज वाद व्हायचा, म्हणून सहा वर्षांपूर्वी मीच काटा असा लावून घेतला होता की सुरू करताच दोन किलो आपोआप वजा व्हावेत. रिकामा असताना तो उणे दोन दाखवतो. रोज पाहायचो, म्हणून दिसायचंच बंद झालं होतं. आणि मेहुणा काही क्रेटमध्ये उभा राहत नव्हता.

गप्प बसता आलं असतं. सगळं पेढ्यांवर खपलं असतं. पण तो बिचारा चार पेढ्यांसाठी फाशी जाणाऱ्यासारखा उभा होता. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"तीन आठवडे याला क्रेट धरून मोजलंत?" कोच ओरडला.

"क्रेट वजा करून," मी दुरुस्ती केली.

प्रतिस्पर्ध्याला हसताना केळ्याचा ठसका लागला. आयोजक हसला नाही. "सहा वाजेपर्यंत वेळ देतो. एक किलोच्या आत आणा, नाहीतर मी पोस्टर उतरवतो."

मार्चच्या उन्हात मेहुणा दोन रेनकोट घालून डहाणूच्या किनाऱ्यावर धावला. फिरायला आलेले लोक आभाळाकडे बघत होते. मग कोचने त्याला माझ्या गाडीत कोंबलं, काचा बंद, हीटर चालू. "तुम्हीही बसा शेजारी," तो मला म्हणाला. बसलो. तेवढ्यात बायकोचा फोन आला. काट्याचं तिला कोचकडून कळलं होतं.

"काटा उणे दोन दाखवतो हे मला ठाऊक होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या हिशोबात मी कधी तोंड घातलंय?"

सहाला मेहुणा भरला ९१.२. पाचशे ग्रॅम जास्तच, पण लढत वाचली. जाता जाता मीही काट्यावर चढून पाहिलं, पण माझ्या वजनात कुणाला रस नव्हता.

रविवारी तो तिसऱ्या फेरीत ठोसा खाऊन एकदा खाली बसला, उठला आणि शेवटी गुणांवर जिंकला. गाव नाचलं. पुढे २०१९पर्यंत आणखी दोन लढती मिळाल्या, एक जिंकला, एक हरला. मग प्रतिस्पर्धीच मिळेनात. आता तो टेम्पो चालवतो. वजन विचारलेलं त्याला आवडत नाही.

सोमवारी मी त्याच्यासमोर दहा हजार ठेवले. नुकसान माझ्या काट्यामुळे झालं होतं. त्याने त्यातले दोन हजार परत सरकवले.

"पाचशे ग्रॅममधले शंभर माझ्या पेढ्यांचे, भावोजी."

पेढा पंचवीस ग्रॅमचा. पाचवा हिस्सा त्याचाच होत होता. हिशोबात खोट नव्हती, म्हणून मी आग्रह केला नाही.

तर शेवटी असं झालं: आयोजकाने मेहुण्याला तीस हजार दिले आणि प्रतिस्पर्ध्याला दहा. मी मेहुण्याला आठ हजार दिले आणि काटा दुरुस्त करणाऱ्याला दीडशे. आणि बायकोने डबा उघडायच्या आत चार पेढे आणून ठेवले, त्याचे मिठाईवाल्याला चाळीस.