बिदाई होऊ दे

आमच्या मोठ्या बाबांना, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाला, मे महिन्यातलं प्रत्येक दुखणं ऊन लागल्याचंच वाटतं. दिग्रसला त्यांच्या मुलीच्या लग्नात बाबा डोकं धरून खाली बसले, तेव्हाही त्यांनी दुरूनच निकाल देऊन टाकला.

"ऊन लागलं त्याले. पन्हं आना."

बाबांना ब्लडप्रेशर होतं. लग्नाच्या धावपळीत पंधरा दिवस त्यांनी गोळीला हात लावला नव्हता. सकाळीच त्यांच्या पिशवीत न फोडलेली पाकिटं मला दिसली होती. लग्नघरात तमाशा नको म्हणून मी गप्प बसले.

पन्हं आलं, चांगलं मीठ घातलेलं. कोणीतरी बाबांच्या तळपायांना कांदा चोळला. बाबा डोळे मिटून म्हणाले, "डोकं फुटून राह्यलं. दोन दोन दिसते मले."

मी मोठ्या बाबांना गाठलं. "हे ऊन नाही, मोठे बाबा. बीपी आहे. दवाखान्यात न्या लागते."

"दोन बुकं शिकली तं मले शिकवून राह्यली का? पोरीची बिदाई होऊ दे. सख्खा काका मांडव सोडून गेला तं पाहुने काय म्हनतीन?"

आणि मी परत येऊन बसले. त्यांचा राग मला आजही येतो, पण त्याहून जास्त चीड त्या बसण्याची येते. चाळीस वर्षांची बाई मी, लग्नाच्या पत्रिकेनं बाबांना वारा घालत राहिले. तिकडे पंगती उठत होत्या, फोटो निघत होते. मोठे बाबा व्याह्यांना आग्रह करकरून जिलबी वाढत होते.

दोन तासांनी बाबांच्या हातातला ग्लास सुटला. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. मग मात्र गाडी मिनिटात निघाली, नवरीसाठी फुलं लावून ठेवलेलीच.

दवाखान्यात मशीननं दोनशे तीसवर एकशे तीस दाखवलं. डॉक्टरांनी विचारलं, केव्हापासून? मी सांगितलं. ते म्हणाले, "इतका वेळ काय करत होते?" मी पन्ह्याचं सांगितलं. "पन्ह्यानं नाही झालं हे. उशिरानं झालं," एवढं बोलून ते कामाला लागले.

बाबा वाचले. डावा हात मांडीवर पडून असतो, शब्द अर्धेच बाहेर येतात.

दिवाळीनंतर मोठे बाबा आणि मोठी आई आमच्याकडे नेरला आले. लाज नावाची गोष्ट मोठ्या बाबांच्या गावीही नव्हती. "यंदाचं ऊनच तसं होतं," म्हणाले आणि चिवडा खात बसले. मला वाटलं, ती बशी हिसकावून अंगणात फेकावी.

बाबा पलंगावर पडून होते. मी त्यांचं प्रेशर मोजून पट्टा काढला, तशी मोठ्या बाबांनी हळूच बाही वर केली.

"माहंही पाह्य बरं. सकाळपासून डोकं जड आहे, नजर अंधारून राह्यली."

दोनशे दहावर एकशे वीस. पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं, तेवढंच.

"कोनाले सांगू नको," ते कुजबुजले. "परवा पोराचं साक्षगंध आहे. तेवढं होऊ दे."

मी उभी राहिले आणि तो आकडा असा ओरडून सांगितला की स्वयंपाकघरातून मोठी आई हातातलं पीठ तसंच घेऊन धावत आली. मोठे बाबा माझ्यावर खेकसले. साखरपुडा तोंडावर, लोक काय म्हणतील, हेच पुन्हा.

बाबा जागेच होते. त्यांनी उजव्या हातानं दाराकडे बोट केलं. ओठ दोनदा नुसतेच हलले, मग शब्द निघाला.

"आत्ता."