बागेतल्या डब्यांची हजेरी

उकिडवं बसून, मान जराशी तिरकी करून काका मेंदीच्या कुंपणाकडे बघत आणि म्हणत, "डबा हाय. दिसत नाय. म्हंजे बरोबर हाय." मग गुडघ्यावर हात टेकून उठत आणि पुढच्या डब्याकडे जात. रोज सकाळी सात वाजता, बगलेत खराटा धरून, बागेत लपवलेल्या सगळ्या डब्यांची अशी हजेरी होई. त्याला ते हजेरीच म्हणत.

असा माणूस तुम्हीही कुठेतरी पाहिला असेल. पद लहान, पण जागा त्याच्यावाचून हलत नाही. पाहिला असेल तर त्याच्या आसपास माझ्यासारखा एखादा वरिष्ठही असणार. त्याच्याकडेही एकदा नीट बघा.

मी बोईसरच्या तीन बागांचा पर्यवेक्षक. काका त्यातल्या सर्वांत मोठ्या बागेत माळी, ठेकेदाराकडून आलेले. मूळ गाव जव्हारच्या बाजूला डोंगरात. तिथे बायको नागली-वरई पिकवायची आणि हे इथे सालवडला एका खोलीत राहायचे. लावणीच्या दिवसांत पंधरा दिवस गावी जात, बाकी वर्षभर बागेत. वयाने माझ्यापेक्षा मोठे. तरी कार्यालयात मी त्यांना 'तू' म्हणायचो आणि बागेत लोकांसमोर 'तुम्ही'. हे आता लिहितानाही बरं वाटत नाही.

डब्यांचा खेळ आमच्याकडे कारखान्यांतल्या तरुण इंजिनिअर मंडळींनी आणला. त्याला जिओकॅशिंग म्हणतात. एकाने बागेत छोटा डबा लपवायचा आणि त्याची जागा मोबाइलच्या नकाशावर टाकायची. दुसऱ्यांनी येऊन तो शोधायचा, आतल्या कागदावर नाव लिहायचं, एखादी बारीकशी वस्तू घ्यायची, बदल्यात दुसरी ठेवायची आणि डबा होता तसा लपवायचा. पहिल्याच महिन्यात फिरायला आलेल्या एका गृहस्थांना कुंपणात हात घालणारा माणूस दिसला आणि त्यांनी पोलिसांना फोन लावला. आमचं गाव कारखान्यांचं, बेवारस डबा म्हटला की लोक लांब पळतात. पोलीस आले. डब्यात दोन गोट्या, एक खोडरबर आणि नावांचा कागद निघाला.

मग मोठ्या साहेबांनी मला नियम करायला सांगितले. मी दोन रविवार बसून अठरा नियम लिहिले. लेखी परवानगी घ्यावी, डबा पारदर्शक असावा, त्यावर चिठ्ठी असावी, खेळण्यांच्या जवळ तो ठेवू नये, वगैरे. सातवा नियम सर्वांत कडक होता. खणू नये, कारण खाली दिव्यांच्या वायरी आहेत. खणलेलं आढळलं तर त्या बागेतला खेळ बंद आणि तिथल्या माळ्यावर कारवाई. साहेब म्हणाले, "उत्तम. काही सुटलेलं नाही." फाटकाशी मोठा फलक लागला. मी बायकोला मुद्दाम तिकडून फिरायला नेलं. तिने चार नियम वाचले आणि म्हणाली, "डास आहेत हो इथं."

फलक कुणीच वाचत नसे. लोक यायचे आणि सरळ विचारायचे, "काका कुठेत?"

काका माझ्या अठरा नियमांचे तीन करून सांगायचे. "खनायचं नाय, ठोकायचं नाय, खायचं ठेवायचं नाय. बाकी खेळा." परप्रांतीय कामगार रविवारी हौसेने यायचे, त्यांना तेच हिंदीत. "भैया, झूले के पास नहीं. बच्चा लोग डिब्बा देखेगा तो मुंह में डालेगा." भैया हसायचा, पण डबा उचलायचा.

एकदा मुंबईहून आलेल्या एका तरुणाने सोनमोहराच्या खोडाला खिळा ठोकून डबी टांगली. मी असतो तर दंडाची पावती फाडली असती. काकांनी त्याच्या हातात पक्कड दिली. "काढ आता. साल नाय उचकटायची." तो पाऊण तास खिळ्याशी झटला. काका शेजारी बसून त्याला त्याच्या गावाबद्दल विचारत होते. खिळा निघाल्यावर त्यांनी त्याला कुंपणातला एक पोकळ बांबू दाखवला. "हितं घाल. पाऊस लागत नाय आन् मुंगीबी नाय." तो पोरगा पुढे दर महिन्याला यायला लागला. मला त्याने कधी ओळखही दाखवली नाही.

डब्यातली वस्तू कुणी नुसतीच पळवली की काका त्या जागी सागरगोटा ठेवत. करडा, गुळगुळीत, गावाकडून आणलेला. लोक तेवढ्यासाठी पालघर-डहाणूहून यायला लागले. खरं सांगतो, एक मीही उचलला. बदल्यात काही ठेवलं नाही.

हेव्याची सुरुवात कधी झाली ते मला नेमकं सांगता येणार नाही. पण तो पिकला खेळाडूंच्या मेळाव्याच्या दिवशी. गटाच्या प्रमुख एका कारखान्यातल्या इंजिनिअर ताई होत्या. मला आमंत्रण होतं. खिशात चार पानांचं भाषण घेऊन मी पहिल्या रांगेत बसलो. ताई म्हणाल्या, "या बागेतले नियम ज्यांच्यामुळे पाळले जातात," आणि मी शर्ट सारखा केला. त्यांनी काकांना पुढे बोलावलं. शाल दिली, नारळ दिला. प्रत्येक डब्याच्या झाकणाला आतून चिकटवायला त्यांनी कागद छापून आणले होते. त्यावर काकांची तीन वाक्यं, त्यांच्याच बोलीत. काका माइकसमोर उभे राहिले आणि माझ्याकडे हात करून म्हणाले, "नियम साहेबांचे हायत. मी नुस्ता बोलतो." सगळे टाळ्या वाजवत होते. त्यांनी श्रेय मला दिलं हेच मला जास्त लागलं. मोठेपणासुद्धा त्यांच्याच वाट्याला गेला होता.

शेजारी बसलेले मोठे साहेब मला म्हणाले, "नियम असे असावेत बघा. तीन."

पुढच्या सोमवारी साहेबांची पाहणी होती. रविवारी दुपारी बाग बारा ते चार बंद असते आणि काका जेवायला सालवडला जातात. माझ्याकडे किल्ली होती. मी बांबूतला डबा काढला, गुलमोहराखाली खुरप्याने वीतभर खड्डा खणला आणि डबा अर्धा पुरून वर पाचोळा टाकला. त्यांना एकदा बोलणी बसावीत, साहेबांसमोर त्यांची मान एकदा खाली जावी, एवढंच मनात होतं. सातव्या नियमात पुढे काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तो मीच लिहिला होता.

सोमवारी मी साहेबांना बरोबर गुलमोहराकडे नेलं आणि बुटाने पाचोळा सारला.

"हे काय? वायरीच्या डोक्यावर खड्डा?" साहेब म्हणाले.

मागून आलेले काका खाली बसले. त्यांनी मातीचा ढीग कुठल्या बाजूला पडलाय ते पाहिलं. खुरप्याच्या ओरखड्यांवरून बोट फिरवलं. मग वर बघितलं. माझ्या चेहऱ्याकडे नव्हे, हाताकडे. मी वहीत नोंद करत होतो. मी डावखुरा आहे.

"कुणी खणलं?" साहेबांनी विचारलं.

काकांनी डबा उचलून त्यावरची माती पुसली. माझं पेन चालत होतं, पण कागदावर काय उमटत होतं देव जाणे.

"तुमच्या बागेत खड्डा होतो आणि तुम्हाला माहीत नाही?"

"माज्या बागंत झालं, साहेब," काका म्हणाले. "माजं म्हना."

काकांना काढा असं पत्र ठेकेदाराला जायला आठवडा लागला. त्या आठवड्यात मी बाकीच्या दोन बागांत कामं काढली आणि मोठ्या बागेकडे फिरकलो नाही. नंतर गेलो तेव्हा खराटा दुसऱ्याच्या हातात होता.

ताईंचा फोन आला. "काकांनी खणलं असेल असं आम्हाला वाटत नाही. तुम्ही शब्द टाका ना. साहेब तुमचं ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो.

नियमाप्रमाणे बंद झालेला खेळ तीन महिन्यांनी पुन्हा सुरू झाला. या वेळी मेळाव्यात माझं भाषण झालं. मी अठराही नियम वाचले. ताई आभार मानताना म्हणाल्या, "काकांच्या माघारी यांनीच बाग सांभाळली." शाल माझ्या खांद्यावर आली. ही शाल काकांची, एवढंच डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांच्या दालनात गेलो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं.

"आणि तुम्ही नियम लिहिणारे," साहेब म्हणाले. मला लेखी ताकीद मिळाली आणि पगारवाढ थांबली. काकांना परत घ्यावं असं पत्र त्यांनी ठेकेदाराला दिलं. त्याची प्रत मी मागून घेतली.

काका वाणगावच्या पुढे एका चिकूच्या वाडीत असल्याचं कळलं होतं. मी स्कूटरवरून गेलो. ते सावलीत रोपांची कलमं बांधत बसले होते आणि भोवती चार-पाच बाया काम शिकत होत्या. "घट्ट आवळू नका गं, त्याला बी श्वास हाय," ते सांगत होते आणि बाया हसत होत्या. चार महिने झाले नव्हते, तर इथेही त्यांचं राज्य. मी माफी मागायला आलो होतो आणि सगळ्यांत आधी मला पुन्हा हेवाच वाटला.

"साहेब, बसा. पानी घ्या," ते म्हणाले.

मी बसलो नाही. "तो खड्डा मी खणला होता," मी म्हणालो. बायांचे हात थांबले.

"व्हय," काका म्हणाले.

मी पत्र पुढे केलं. त्यात काय आहे ते वाचून दाखवलं. साहेबांना सगळं सांगितलंय, तुमची बाग तुमची आहे, उद्यापासून या, असं काय काय बोललो. त्यांनी पत्र घेतलं, नीट घडी करून मला परत दिलं.

"आता नाय येत, साहेब."

"का? माझ्यामुळे? मी ती बाग सोडतो हवं तर."

"तसं नाय."

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं. मग साहेबांसमोर बोलला का नाहीत?"

ते दोरा दाताने तोडत होते. तो तोडून झाल्यावर म्हणाले, "तुमी हुते ना तिथं. मला वाटलं, तुमी बोलाल. आज नाय तर उद्या बोलाल. कागद येईपर्यंत रोज सकाळी फाटक उघडलं की रस्त्याकडं बघायचो, तुमची स्कूटर येते का." ते थांबले. "मंग कागद आला."

त्यांनी पुढचं रोप जवळ ओढलं. बाया पुन्हा कामाला लागल्या. कुणीतरी माझ्यासाठी पाण्याचा तांब्या आणून ठेवला होता. मी तो प्यायलो, पत्र खिशात घातलं आणि वाडीच्या कुंपणापर्यंत चालत आलो. मागे काका कुणाला तरी सांगत होते, "आता बग, बांदलं की हात लावायचा नाय."